केवळाबाईनं वाचल्याशिवाय बटण दाबलं नाही

केवळाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते नायगावच्या एका खताच्या दुकानाच्या पायरीवर. मांडी ठोकून बसली होती. आत जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिला वळसा घालून जावं लागत होतं. जून महिना, पेरणीची घाई, आणि दुकानदार आतून हात जोडत होता.

"बाई, उठा. बाटली न्या. समदे नेतेत."

"समदे नेतेत ते समद्यांचं. मला डीएपी पाहिजे. बाटली नको."

ह्या बाटलीचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडं ह्या प्रकाराला 'लिंकिंग' म्हणतात. शेतकरी मागतो एक खत. दुकानदार त्याच्यासोबत गळ्यात बांधतो भलतंच काही, कसली तरी बाटली नाहीतर कसली तरी पुडी. ती घेत नसशील तर खतही नाही. पेरणी तोंडावर असते, माणूस कुरकुरतो आणि घेऊन जातो. घरोघरी खिडकीत अशा बाटल्या ओळीनं उभ्या आहेत, एकीचंही झाकण उघडलेलं नाही.

मी त्या दिवशी तिथं गेलो होतो दुकानदाराला झाडायला. ते काम मला जमतं. पण मी तोंड उघडायच्या आधीच तिनं मैदान मारलेलं होतं. दोन तासांनी दुकानदारानं डीएपीच्या पिशव्या बाटलीशिवाय काढून दिल्या. आणि बाई काय करते? पिशव्या उचलायच्या सोडून पिशवीवरचं छापील वाचत बसली. बारीक अक्षरातलंसुद्धा. मागं रांग खोळंबलेली. एकजण म्हणाला, "आगं माय, खत हाय ते, पोथी न्हाई."

ती मान वर न करता म्हणाली, "म्हणूनच वाचाय पाहिजे. पोथीत कोण फसवतंय?"

ही केवळाबाई. गाव पिंपळदरा, तालुका नायगाव, शिक्षण नववी, वय पन्नाशीला टेकलेलं. तिचे यजमान बजरंगराव म्हणतात, "हिला चहाच्या पुडीचा कागद द्या, दोन्ही अंगांनी वाचून घडी घालून ठेवते." मी तिला अक्का म्हणतो, म्हणून बजरंगराव माझे दाजी. ती मला रवीभाऊ म्हणते, आणि चिडली की नुसतं 'आवं साहेब'. साहेब हा शब्द ती शिवीसारखा वापरते.

आमच्या शेतकरी संघटनेत ती आली आणि वर्षभरात अख्ख्या पिंपळदऱ्याचे माहिती अधिकाराचे अर्ज तिच्या ओसरीतून निघायला लागले. त्यासाठी मी तिला एक जुना लॅपटॉप दिला. मी स्वतः दहावी नापास. कॉम्प्युटर शिकलो तो नांदेडात भंगारवाल्याकडून आणलेल्या मशिनी जोडून, कुणाच्या क्लासला न जाता. त्यामुळं मी देतो त्या मशिनीवर विंडोजच्या जागी लिनक्स असतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि ते कुणाच्या बापाचं नसतं. अक्काच्या मशिनीला मी मराठी लावून दिली होती. मशीन आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोललं पाहिजे, हा माझा हट्ट. ह्या हट्टाचा मला पुढं किती ताप होणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता पाणंदीची गोष्ट.

पिंपळदऱ्याच्या मारुतीपासून ओढ्याकडं एक पाणंद, रानात जायची गाडीवाट, जाते. जाते म्हणण्यापेक्षा जायची. दोन वर्षांपूर्वी शेषेरावानं ती नांगरून आपल्या वावरात घेतली आणि तोंडाला तार ओढली. पलीकडं सात घरांची रानं, त्यात केवळाबाईचं. शेषेरावाचं म्हणणं, पाणंद इथून कधी नव्हतीच, ती होती ओढ्याच्या कडेनं, केवळाबाईच्याच बांधावरून. आधल्या वर्षी सोयाबीन काढून गंज लावली, पण मळणीयंत्र पलीकडं जाईना. सात घरच्या बायांनी डोक्यावर पेंढ्या घेऊन ओढा ओलांडला. निम्मं वाहून होईपर्यंत पाऊस आला आणि उरलेल्या गंजीला मोड फुटले. मोड आलेलं सोयाबीन हातात घेऊन केवळाबाई मला म्हणाली होती, "पुढल्या साली यंत्र ह्या पाणंदीतूनच जाईल. न्हाईतर मी पेरणारच न्हाई."

पेरलं तिनं. आणि तहसीलला अर्जही दिला.

पहिल्या सुनावणीला नकाशा मी करून नेला होता. गावाचा जुना नकाशा असतो, त्यात गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात. तो जुना नकाशा उपग्रहाच्या फोटोवर बरोबर बसवला की आज ती वाट कुणाच्या रानातून जाते ते लख्ख दिसतं. हे बसवायचं एक सॉफ्टवेअर आहे, क्यूजीआयएस. फुकट मिळतं, चांगलं आहे, मला येतं. मी ऐटीत नकाशा टेबलावर पसरला. शेषेरावाच्या वकिलानं चष्मा वर केला.

"हा कोणी केला?"

"मी."

"आपण मोजणीदार?"

"न्हाई."

"अर्जदार?"

"न्हाई."

"मग आपण कोण?"

मी कोण ते मी सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं. टेबलावर हातही आपटला. तहसीलदारांनी मला शांतपणे बाहेर बसायला सांगितलं. मग त्यांनी केवळाबाईला विचारलं, "बाई, ह्या नकाशात कुठली खूण जमिनीवर कुठं आहे, ते तुम्ही सांगाल का?" ती सांगू शकली नाही. नकाशा तिचा नव्हताच. नऊ दिवसांनंतरची तारीख पडली.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी वकिलाच्या सात पिढ्या काढत होतो. ती कपाकडं बघत होती.

"भाऊ, झालं का तुमचं?"

"काय झालं का?"

"पुढल्या टायमाला नकाशा मीच करते. मला इचारलं तर मी सांगन. तुमचं ते सॉफ्टवेअर माझ्या मशिनीत टाका."

"मी येऊन टाकून देतो."

"तुम्ही न्हाई. मी टाकते, तुम्ही फोनवर सांगा. उद्या तो काळ्या कोटवाला इचारील, हे मशिनीत कोणी घातलं, तर तिथंबी 'मी न्हाई' म्हणू का?"

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडात आणि ती ओसरीत, मधे फोन. नवीन सॉफ्टवेअर घालायला लिनक्सला एका ओळीचा हुकूम द्यावा लागतो. तो मी अक्षर अक्षर सांगितला, तिनं टाइप केला.

"काय दिसतंय?"

"पासवर्ड मागून राहिलं."

"टाका."

"टाकून राहिले, पर उमटंना. कीबोर्ड गेला वाटतं."

"गेला न्हाई. ते दाखवतच न्हाई. मुकाट टाका अन् एंटर मारा."

"दाखवत कामून न्हाई?"

"मागं कुणी उभं असलं तर त्याला दिसू नये म्हणून."

"मागं तुमचे दाजीच हायत."

लांबून बजरंगरावांचा आवाज आला, "मला तिचा पासवर्ड नको, चहा पाहिजे."

पासवर्ड गेला. मशीन क्षणभर विचारात पडलं. मग फोनवर शांतता. मी वाट बघतोय, ही बोलेना.

"अक्का, शेवटी होय का न्हाई इचारलं असंल. वाय दाबा."

"थांबा. वाचून राहिले."

"वाचायचं काही न्हाई त्यात. वाय दाबा."

"'खालील अतिरिक्त पॅकेजेस संस्थापित होतील'. अन् खाली ही जत्रा. भाऊ, हे अतिरिक्त म्हणजे जादाच ना?"

"हाव."

"मी मागितलं एक. हे म्हणतंय एकशे सत्त्याऐंशी टाकतो."

"ती लागतात, अक्का."

"खतवालाबी हेच म्हणला होता."

"आवं, हे खत न्हाई!"

"मंग हे काय हाय? एक मागितलं तर गळ्यात एकशे सत्त्याऐंशी. त्यो खतवाला बरा, एकच बाटली देत होता."

मी ओरडलो. खोटं कशाला बोलू, घसा ताणून ओरडलो. "मी वीस वर्षं हेच करतोय, मला अक्कल शिकवता का? दाबा ते बटण!"

"आवं साहेब," ती म्हणाली, "माझ्या घरात काय यायचं ते मी ठरवणार." आणि तिनं 'नाही' दाबलं. ते मला फोनमधून ऐकू आलं. मी फोन कापला.

माझ्या डोक्यात राग होता, तिच्या डोक्यात दुसराच बेत. वर्षभरापूर्वी प्रिंटर जोडताना मी तिला एक रीत शिकवली होती. एक फाईल इंटरनेटवरून उतरवायची आणि अमुक हुकूम देऊन ती तेवढीच एकटी मशिनीत बसवायची. तिनं ती वहीत लिहून ठेवलेली. तिनं विचार केला, मला एकच पाहिजे ना, मग एकच आणते. मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं, क्यूजीआयएसची एकटी फाईल, म्हणजे पॅकेज, शोधून काढली, उतरवली आणि हुकूम दिला.

मशीन मराठीत म्हणालं, हे अमक्यावर अवलंबून आहे आणि ते अमकं इथं नाही.

ठीक. तिनं ते अमकं आणलं. ते म्हणालं, मी तमक्यावर अवलंबून. तिनं तमकं आणलं. त्याला आणखी दोघं लागत होते. तीन दिवस बाई हेच करत होती. सकाळी रानात सोयाबीनची काढणी, दुपारी ओसरीत ही वंशावळ. प्रत्येक नाव वहीत, आणि कोण कुणाला मागतंय त्याचा बाण. अकरा पॅकेजं तिनं अशी हातानं ओढून आणली. बाराव्याला मशिनीनं हात वर केले. आता साधा हुकूम दिला तरी ते एकच पालुपद लावायचं, काही गोष्टी अर्धवट बसल्यात, आधी त्या निस्तरा.

सुनावणीला पाच दिवस उरले होते. तिनं मला फोन केला. तीन दिवसांपूर्वी काही घडलंच नव्हतं असा.

"भाऊ, मशीन अडकलं. या."

मी गाडीला किक मारली. वाटेत नायगावला चहासुद्धा घेतला नाही. ओसरीत शिरलो ते मनाशी भाषण तयार ठेवूनच. सांगितलं होतं ना, ऐकत कामून न्हाई, वगैरे. तिनं भाषणाला जागाच ठेवली नाही. वही उघडून समोर टाकली.

"हे बघा. पयले मला वाटलं, लिंकिंग हाय. तसं न्हाई. डीएपीला बाटली लागत न्हाई, बाटलीबिगर खत चालतंय. हे मळणीयंत्रासारखं हाय. यंत्र मागवलं तर पट्टा लागतोय, पट्ट्याला ट्रॅक्टर लागतोय, ट्रॅक्टरला डायवर. नुसतं यंत्र आणून वावरात उभं केलं तर त्यावर चिमण्या बसतेल. मी नुसतं यंत्र आणलं. मंग पट्टा आणायला गेले. मंग नटबोल्ट. असं एकेक आणत बसले तर दिवाळी येईल."

मी वही बघत राहिलो. बाण बरोबर होते. हे मला उमगायला सहा महिने लागले होते. हिनं तीन दिवसांत काढलं, चुकीच्या वाटेनं जाऊन, पण स्वतः. भाषण मी गिळलं.

"सरका, अक्का. मी दुरुस्त करतो."

आणि इथं चूक झाली. माझी. लिहायला जड जातं, पण लिहितो. अर्धवट बसलेलं निस्तरायला एक साधा हुकूम पुरला असता. पण मला वाटलं, आलोच आहे तर हिला सगळ्यात नवं, ताजं क्यूजीआयएस देऊ. लिनक्सचं कसं असतं, सॉफ्टवेअर एका ठराविक भांडारातून येतं. तुमच्या मशिनीच्या वयाला सोसेल असंच सामान त्यात ठेवलेलं असतं. मी त्याच्या जोडीला बाहेरचं एक भांडार जोडलं. ते नव्या मशिनींसाठी होतं, हे बघण्याची मला गरज वाटली नाही. हुकूम दिला. यादी धडाधड वर सरकली. खाली प्रश्न आला. वीस वर्षांत मी त्या यादीकडं कधी डोळे उघडून पाहिलेलं नाही. बोट वायवर गेलं.

माझं मनगट धरलं गेलं. खुरपं धरून घट्टे पडलेला हात आहे तो, दुखतं.

"थांबा. वाचा."

"काय वाचा? तेच ते हाय."

"तेच न्हाई. वर सरकवा. हे बघा. 'खालील पॅकेजेस काढून टाकली जातील'. टाकली जातील न्हाई भाऊ, काढून टाकली जातील. अन् हे नाव बघा. हे नाव मला ठाव हाय, मशीन चालू होताना दिसतंय ते."

मी वर सरकवलं. बघितलं. हात मागं घेतला.

त्या यादीत अख्खा डेस्कटॉप होता. खिडक्या, चित्रं, मराठी कीबोर्ड, सगळं. वाय दाबलं असतं तर बाईच्या हातात काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ एवढंच उरलं असतं. सुनावणी पाच दिवसांवर, आणि सात घरांचं सोयाबीन गंजीला लागलेलं.

बजरंगराव खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "पाहुणे, चहा घेता का? हात मोकळा झाला तर."

मी 'नाही' दाबलं. बाहेरचं भांडार काढलं. तिची अकरा अर्धवट पॅकेजं हळूहळू उतरवली. मशीन पहिल्यासारखं केलं आणि लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला.

"आता तुम्ही."

तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबली. "एक इचारू? हे एकशे सत्त्याऐंशी, ह्यातले समदेच पट्टा अन् डायवर हायत? का कोणी उगाच गाडीत बसलंय?"

आता काय सांगू. उगाच बसलेले असतात. काही पॅकेजं लागतातच, काही नुसती शिफारशीची असतात, असली तर बरं म्हणून सोबत येतात. शिफारशीची नकोत असं हुकुमाच्या शेपटाला जोडता येतं. हे मला माहीत होतं. पण मी ते कधी जोडलं नव्हतं. कोण वाचतंय?

शेपूट सांगितलं. तिनं जोडलं, हुकूम दिला, यादी आली. तिनं खालचा आकडा बोट ठेवून वाचला.

"एकशे बावन्न." मग मान मागं टाकून हसली. "पस्तीस बाटल्या निघाल्या की वो, भाऊ!"

बजरंगरावसुद्धा उठून पडद्याकडं बघायला आले. त्यांना तिथं बाटल्या दिसल्या नसाव्यात, पण ते समाधानानं मान हलवत परत बसले.

तिनं वाय दाबलं नाही. आधी एकशे बावन्न नावं वहीत उतरवली. दीड तास लागला. मी दोनदा चहा घेतला, एकदा गल्लीत चक्कर मारून आलो, तोंडातून शब्द काढला नाही. ज्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे, त्यांनी ह्या वाक्यापाशी जरा थांबावं. मग तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली, 'काढून टाकली जातील' असं कुठं नाही ना ते बघितलं, आणि वाय दाबलं. नेट रडतखडत चाललं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत क्यूजीआयएस उघडलं.

पुढचं काम तिचं होतं. त्यात मी तिचा हात धरायला धजलो नाही. जुना नकाशा फोटोवर बसवायला दोन्हीकडं सापडतील अशा पक्क्या खुणा लागतात. मी म्हणालो, चार पुरतात. तिनं सहा घेतल्या. मारुतीचा पार, जुनी बारव, तीन गावच्या शिवा मिळतात तिथला दगड, आणि रानातले तीन हद्दीचे दगड. प्रत्येक खुणेपाशी ती पायी गेली, मोबाईलवर जागा टिपली, वहीत लिहिली. चौथ्या दिवशी नकाशा बसला. दोन तुटक रेघा मारुतीपासून निघून सरळ शेषेरावाच्या तारेतून आत घुसल्या आणि ओढ्याला भिडल्या. ओढ्याच्या कडेला, तिच्या बांधावर, नकाशात रेघ म्हणून नव्हती.

सुनावणीला मी गेलो, पण आत गेलो नाही. दाराशी उभा राहिलो. मागच्या वेळेचं तहसीलदारांच्या लक्षात असेल म्हणून नव्हे. तिनं सांगितलं होतं म्हणून. "तुम्ही दारातच बरे."

तिनं लॅपटॉप उघडला, शेजारी छापून आणलेला नकाशा ठेवला. वकिलानं चष्मा वर केला.

"हा कोणी केला?"

"म्या."

"तुम्ही?" तो खोलीभर नजर फिरवून हसला. "बाई, कोणत्या सॉफ्टवेअरनं केला?"

"क्यूजीआयएस."

"ते कुठून आणलं?"

"मशिनीच्या भांडारातून. बाहेरचं काही जोडलं न्हाई. जोडलं होतं एकानं, ते काढून टाकलं." हे म्हणताना तिनं दाराकडं बघितलं नाही, एवढी तिची माया.

वकील तहसीलदारांकडं वळला. "साहेब, हे इंटरनेटवरून काहीबाही उतरवलेलं. ह्याच्यात काय काय भरलंय, ह्यांना तरी ठाऊक आहे का? असल्या गोष्टीवर आपण…"

"ठाव हाय," ती म्हणाली.

वही टेबलावर आली.

"एकशे बावन्न नावं हायत, साहेब. ह्या पानापासून ह्या पानापर्यंत. पस्तीस घेतली न्हाईत, गरज नव्हती, तीबी वायली लिहिलीत. सहा खुणा ह्या पानावर. कुठली कुठं हाय ते कागदावर पटत नसंल तर उद्या चला, पायी दाखवते. वकीलसाहेबांनीबी यावं. चप्पल जुनी घालून या, काटे हायत."

तहसीलदारांनी वही उघडली. दोन-तीन पानं उलटली. मला दारातून त्यांचा चेहरा दिसत होता. माणूस हसू दाबतो तेव्हा मिशी हलते. त्यांनी वकिलाला विचारलं, "तुमच्या अशिलाकडं काही नकाशा आहे?" शेषेराव म्हणाला, "आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलेलं हाय." तहसीलदारांनी दुसऱ्याच दिवशीची स्थळपाहणी लावली.

पाहणीला तहसीलदार, तलाठी, दोन्ही बाजू, आणि सात घरची झाडून सगळी माणसं. केवळाबाई पुढं, हातात वही. पारापासून बारवेपर्यंत, बारवेपासून शिवेच्या दगडापर्यंत ती एकेक खूण दाखवत गेली. तारेपाशी सगळे थांबले. नकाशावर तारेच्या आत, पाणंदीच्या कडेला, आणखी एक हद्दीचा दगड दाखवलेला होता. तो तिला टिपता आला नव्हता, कारण तिला आत जाऊ दिलं नव्हतं.

"तो तिथं असंल," ती म्हणाली. "त्या काटवनाच्या खाली."

शेषेराव म्हणाला, "तिथं काही न्हाई. बाभळीचं काटंकुटं हाय नुसतं."

"मंग हलवायला काय जातंय?"

तलाठ्यानं माणूस आत पाठवला. काठीनं काटवन बाजूला सारलं. खाली मातीत निम्मा गाडलेला दगड निघाला, डोक्यावर फुलीची खूण कोरलेली. शेषेराव म्हणाला, "हा गुरं बांधायला रोवला होता आमच्या आज्यानं."

सात घरच्या एका म्हातारीनं मागून आवाज दिला, "तुझ्या आज्यानं लई केलं की रं, शेशा!"

हसायला सगळ्यात आधी तलाठी लागला.

तीन दिवसांनी हुकूम निघाला आणि तार काढायचा दिवस ठरला. मळणीयंत्रवाल्याला सात घरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तो पहाटेपासून मारुतीपाशी ट्रॅक्टर लावून बसलेला. आभाळ पश्चिमेकडून काळवंडलेलं. तार निघाली, खांब उपटले, ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन चालू केलं, पाणंदीच्या तोंडाशी आणून उभं केलं. मागं यंत्र, यंत्राला पट्टा, वर डायवर. मी तेही मोजलं.

तलाठ्यानं ताबा मोकळा केल्याचा पंचनामा लिहिला होता. तो केवळाबाईपुढं धरला. "अक्का, इथं सही करा. पटकन. आभाळ बघा."

तिनं कागद घेतला, पदरानं हात पुसला आणि पाणंदीच्या मधोमध उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

इंजिन धडधडत होतं. सात घरची माणसं खोळंबलेली. बजरंगराव म्हणाले, "आगं, गंज भिजंल." डायवर म्हणाला, "मावशी, डिझेल जळायलंय." एकाचा धीर सुटला, तो मला म्हणाला, "रवीभाऊ, तुम्ही सांगा की तिला. तुमचं ऐकते."

मी माझ्या मनगटाकडं बघितलं.

ती दुसऱ्या पानावर गेली. एका ओळीपाशी थांबली, तलाठ्याकडं बघितलं. "इथं 'पायवाट' लिहिलंय. नकाशात दोन रेघा हायत. पायवाटंला एक असती. ही गाडीवाट हाय. पायवाटंवरून हे यंत्र जायचं न्हाई, अन् गेलं तर पुढल्या साली शेषेराव हाच कागद दाखवंल."

तलाठ्यानं कागद परत घेतला, वाचला, कपाळावर हात मारला. शब्द खोडला, वर 'गाडीवाट' लिहिलं, शेजारी सही केली. तिनं तेवढी ओळ पुन्हा वाचली. मग सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पेनाला टोपण लावून तलाठ्याच्या खिशात अडकवलं आणि बाजूला झाली.

"आता जाऊ द्या," ती म्हणाली.